तो थंड, मी तापट

"मॅडम, आमचे टाईप जुळत नाहीत." मी जोडप्यांचं समुपदेशन करते, आणि अलीकडे हे वाक्य इतक्यांदा ऐकते की दारातून येणाऱ्यांच्या हातातला मोबाईल पाहूनच पुढचं कळतं. पूर्वी छत्तीसपैकी किती गुण जुळले ते सांगत लोक यायचे, आता मोबाईलवरच्या स्वभाव-चाचणीने दिलेली चार इंग्रजी अक्षरं दाखवतात. पोटातली भीती तीच आहे: स्वभावाला औषध नसतं, मग आमचं पुढे कसं व्हायचं?

त्यातल्याच एका जोडप्याबद्दल दोघांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लग्नाला दोन वर्षं झालेली. तो नागपूरच्या मिहान औद्योगिक भागात नोकरीला, ती शाळेत शिकवते. मे महिन्यातली दुपार होती, दोघं घामाघूम होऊन धरमपेठेतल्या माझ्या खोलीत आले आणि एकमेकांपासून शक्य तितक्या लांब बसले.

तिने चाचणी दोघांचीही करून घेतली होती. चार अक्षरांपैकी दोन घेऊन तिचा गट आला 'एनएफ' (ओढा कल्पना आणि भावनेकडे), त्याचा 'एनटी' (कल्पना आणि तर्काकडे). मग कुठल्याशा तक्त्यात तिला या गटांसमोर जुनी ग्रीक नावं सापडली. एनएफ म्हणजे कोलेरिक, पित्ताचा, तापट. एनटी म्हणजे फ्लेग्मॅटिक, कफाचा, थंड.

"लहानपणापासून घरचे मला तापटच म्हणतात," ती म्हणाली. "आता दोन हजार वर्षांपूर्वीचे लोकही तेच सांगून राहिले. आणि हा पाहा ना, मी बोलून राहिली की भिंतीकडे पाहत बसतो. याला काही वाटतच नाही."

तो म्हणाला, "मी काय बोलू?" पहिल्या तासात तो एवढंच बोलला.

तिच्या तक्त्याचं मूळ मला माहीत होतं. प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी शरीरात चार रस मानले: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेन या वैद्याने त्यांचा संबंध स्वभावाशी जोडला. आपणही 'पित्त खवळलं' म्हणतोच, त्यामुळे हे सगळं आपल्याला ओळखीचं वाटतं. (आयुर्वेदाचे दोष मात्र तीन. ग्रीकांचे चार रस ओढूनताणून त्यांत बसवू नयेत.) चार अक्षरांचा उगम वेगळाच आहे. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने 1921 मध्ये मांडलेल्या स्वभाव-प्रकारांवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी प्रश्नावली बनवली, तिचे सोळा प्रकार झाले. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कर्सी यांनी 1978 मध्ये त्या सोळांचे चार गट केले आणि पुढे प्रत्येक गटासमोर एकेक जुना स्वभाव ठेवला.

चारासमोर चार आले की जोड्या लावायचा मोह कुणालाही होतो. पण कर्सी यांनी माणूस मूर्त गोष्टींविषयी बोलतो की कल्पनांविषयी, काम करताना रीत आणि इतरांचं मत सांभाळतो की उपयोग पाहतो, यावरून गट पाडले. त्यात बहिर्मुख-अंतर्मुख सांगणारं अक्षर बाजूला राहिलं. जुन्या चार स्वभावांना नव्या मापात बसवणारे मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांचा पहिला अक्ष नेमका तोच होता! त्यांचा दुसरा अक्ष भावनिक स्थैर्याचा, आणि तो मूळच्या चार अक्षरांत कुठेच नाही. म्हणजे गटावरून राग किती येतो हे सांगणं हे पुस्तकांच्या कपाटावरून घरातल्या माणसाचा ताप ओळखण्यासारखं आहे.

मी स्वतः वुंट यांच्या बाजूची. 1879 मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडणारे विल्हेल्म वुंट. त्यांनी चार स्वभावांचे दोन साधे प्रश्न केले: भावना किती जोराची, आणि किती वेगाने बदलते? जोराची आणि झटपट ती कोलेरिक, जोराची पण संथ ती मेलँकोलिक, म्हणजे काळ्या पित्ताची, उदास. हलकी आणि झटपट ती सँग्विन, म्हणजे रक्ताची, आनंदी; हलकी आणि संथ ती फ्लेग्मॅटिक. हे दोन प्रश्न मी कित्येक वर्षं एका साध्या शंभर पानी वहीत उतरवून घेते आहे, आणि त्या वहीने मला फार क्वचित दगा दिला आहे.

दोघांना एकेक वही दिली. भांडण झालं की तीनच गोष्टी लिहायच्या: राग कधी आला, दहापैकी किती, कधी गेला. कोण बरोबर, कोण चूक हे लिहायचं नाही. एकमेकांची वही उघडायची नाही.

तीन आठवड्यांनी दोन्ही वह्या मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एका शनिवारी कूलरमध्ये पाणी कोण भरणार यावरून वाजलं होतं. तिची नोंद: "लगेच. चार. चहा होईपर्यंत." त्याची नोंद त्याच शनिवारची: "रात्री. नऊ." आणि 'कधी गेला' याच्यासमोर मंगळवार लिहिलेला.

तिने ती ओळ दोनदा वाचली. "नऊ? मंगळवारपर्यंत? पण तू तर जेवून झोपला होतास."

"झोपलो नव्हतो," तो म्हणाला.

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसावं, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. कूलरवरून सुरू झालेलं बोलणं त्याच्या वडिलांपर्यंत गेलं. त्या घरात आवाज फक्त एकाच माणसाचा चढायचा, बाकीच्यांनी आपला राग गिळायचा. तो बराच वेळ बोलला. ती ऐकत होती आणि मधेच म्हणाली, "मग मी तापट नाहीच का?"

तिच्या वहीत पाचच्या वर एकही आकडा नव्हता. तिचा राग दुधासारखा, वर येतो आणि गॅस बंद केला की खाली बसतो. त्याचा निखाऱ्यासारखा, वर राख दिसते म्हणून आपण हात घालतो. तक्त्याने तिला कोलेरिक आणि त्याला फ्लेग्मॅटिक ठरवलं होतं. वुंट यांच्या मापाने ती निघाली सँग्विन आणि तो मेलँकोलिक. ज्याला ती दोन वर्षं थंड म्हणत होती, त्या घरात सगळ्यात जास्त त्यालाच लागत होतं.

असा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते. अक्षरं टाकून देऊ नका. कुणाला काय आवडतं, कुणाला काय सुचतं यावर गप्पा मारायला ती चांगली आहेत. पण तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर अनेकांचं एखादं अक्षर बदलतं, म्हणून तिच्यावर लग्न ठरवू नका आणि मोडूही नका. जोडीदाराचा आवाज किती चढतो हे मोजू नका, त्याचं मन किती वेळाने निवतं हे विचारा. लवकर निवणाऱ्याने "झालं ना आता, सोड" म्हणायची घाई करू नये. उशिरा निवणाऱ्याने गप्प राहायला हरकत नाही, मात्र गप्प का आहोत आणि कधी बोलणार एवढं सांगून गप्प राहावं. वेग फारसा बदलत नाही, सांगायची सवय मात्र लागते. ती लागलेली मी पाहिली आहे.

एक गोष्ट मात्र या वहीत बसत नाही. घरात मारहाण असेल, जोडीदाराची भीती वाटत असेल, तर तो स्वभावाचा प्रश्न नाही. आधी सुरक्षित जागी जा, मदत मागा. उदासी, उडालेली झोप, मेलेली भूक दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर 'माझा स्वभावच मेलँकोलिक' म्हणत बसू नका, मनोविकारतज्ज्ञांना भेटा.

ते दोघं पावसाळ्यात शेवटचे आले तेव्हा एकच वही घेऊन आले. दुसरी लागेनाशी झाली होती. तिचं अक्षर गोल, त्याचं बारीक. आदल्या रविवारच्या पानावर त्याने लिहिलं होतं: "आठ. उद्या संध्याकाळी बोलतो." त्याखाली तिच्या अक्षरात: "बरं. डबा केला आहे."