गाडीचं दुखणं : दुधाळ ऑइल, अडकलेला लिव्हर, तुटणारे पाटे

प्रश्न : आमची २००६ ची ४×४ डिझेल पिकअप पेठ तालुक्यात पाड्यावरून भात-नागलीची पोती नाशिकला आणते. वाटेत ओढा ओलांडावा लागतो. यंदाच्या पावसानंतर मागच्या डिफमधून (डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांच्या मधला गिअरचा गोळा) आवाज येतो. ड्रेन प्लग खोलला तर ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं. मिस्त्री म्हणतो, क्राऊन-पिनियन (डिफमधली दातेरी चाकांची जोडी) बदला. खर्च मोठा आहे. खरंच बदलावं लागेल का?
— एक वाचक, पेठ

उत्तर : एवढ्यावरून नाही. दुधाळ ऑइल म्हणजे आत पाणी शिरलं, इतकंच त्यावरून कळतं. आधी पाणी काढा, मग आवाज ऐका, क्राऊन-पिनियनचा विचार त्यानंतर.

पाणी शिरतं कसं ते पाहा. सावळघाट चढून-उतरून आलेली डिफ हात लावू नये इतकी तापलेली असते. ती तशीच थंड ओढ्यात बुडाली की आतली हवा एकदम आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. त्यासाठीच हाउसिंगच्या वरच्या बाजूला ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायची टोपी, दिलेला असतो. तो चिखलाने बुजला असेल, तर ओढ पिनियनच्या आणि अ‍ॅक्सलच्या ऑइल सीलवर पडते आणि पाणी तिथून आत जातं. ब्रीदर उघडा असून पाण्याखाली गेला, तर पाणी सरळ त्यातूनच जातं. म्हणून नुसतं सील बदलून पुढच्या पावसात पुन्हा तेच होतं.

गाडी पाच-सहा किलोमीटर चालवून ऑइल कोमट करा. आधी वरचा फिलर प्लग खोला, मगच खालचा ड्रेन. उलट केलं आणि वरचा प्लग गंजून बसलेला निघाला, तर रिकामी डिफ घेऊन जागेवरच बसाल. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर काय चिकटलंय ते बोटांत चोळून पाहा. मऊ, राखाडी पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. नखाएवढे पापुद्रे किंवा दाताचा तुकडा सापडला, तर मात्र मिस्त्रीचं म्हणणं बरोबर धरा आणि डिफ खोला.

पाणी अ‍ॅक्सलच्या नळ्यांमध्येही साचतं. पुढच्या चाकांना दगडाची अडण लावून मागचं एक चाक जॅकवर उचला, दहा मिनिटं थांबा, मग दुसरं. नंतर साधं, स्वस्त ८०डब्ल्यू-९० जीएल-५ ऑइल फिलरच्या ओठापर्यंत भरा, गाडी १५-२० किलोमीटर चालवा आणि गरम असतानाच काढा. रंग अजून गढूळ असेल तर आणखी एकदा तेच करा. स्वच्छ निघालं की कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं चांगलं ऑइल भरा. डिफमध्ये डिझेल ओतून गाडी फिरवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती करू नका. डिझेलला वंगणाचा जोर नसतो आणि त्यातलं थोडं आतच राहून नवं ऑइल पातळ करतं.

आता आवाज. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर किंवा फक्त सोडल्यावर रडका सूर येत असेल, तर संशय क्राऊन-पिनियनच्या दातांवर. पाय कसाही असो, वेग वाढेल तशी घरघर वाढत असेल तर बेअरिंग. गिअर टाकताना 'खट्' वाजत असेल तर डिफ सोडा, आधी प्रॉपेलर शाफ्टचा (डिफला फिरवणाऱ्या लांब दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, हाताने हलवून पाहा. ओढ्यातून जाणाऱ्या गाडीचे क्रॉस ग्रीस धुऊन जाऊन लवकर सुकतात. बेअरिंगच निघालं तर तेवढंच बदला. क्राऊन-पिनियन बदलायची वेळ आलीच तर जोडीच घ्या. दोन्ही एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, एक जुना आणि एक नवा कधीच शांत चालत नाहीत.

पिनियन सील बदलताना नट आणि शाफ्टवर पंचने खूण करा, किती फेऱ्यांनी सुटला ते मोजा आणि तेवढ्याच फेऱ्यांनी त्या खुणेवर आणा. एअरगनने 'टाईट' केलेला नट आतली चपटी होणारी स्लीव्ह जास्त दाबतो आणि चांगलं बेअरिंग महिनाभरात जातं. खूप ठिकाणी दुखणं इथूनच सुरू होतं.

शेवटी ब्रीदर. टोपी बोटाने फिरली पाहिजे. ती काढून तिथे निपल बसवा, डिझेलला चालणारा रबरी होस क्लॅम्पने लावा आणि चॅसिसच्या कडेने हौद्याच्या पुढच्या भिंतीपर्यंत वर न्या. वरचं टोक खाली वळवून त्याला छोटा इनलाइन फिल्टर लावा. अ‍ॅक्सल खालीवर होताना होस ताणू नये इतका ढिला ठेवा. पुढची डिफ, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केसलाही (पुढच्या चाकांकडे जोर वळवणाऱ्या पेटीलाही) हेच करा. आणि डिफ निवायला ओढ्याच्या काठावर पंधरा-वीस मिनिटं थांबा. तेवढ्यात काठी घेऊन पाण्याची खोलीही बघून होते.

पाणी शिरलेलं ऑइल दुसऱ्याच दिवशी बदला. आठवडाभर तसंच ठेवलं तर बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे डाग धरतात आणि मग घरघर जात नाही.

प्रश्न : मार्चच्या अवकाळीत बागेतल्या चिखलातून द्राक्षांचे क्रेट काढताना ४एच (चारही चाकांना जोर) लावला. डांबरी रस्त्यावर चार किलोमीटर आल्यावर लिव्हर २एचला (फक्त मागच्या चाकांना जोर) येईना. गिअरबॉक्स उघडायचा का?
— एक बागायतदार, दिंडोरी

उत्तर : नका उघडू. बहुतेक पिकअपमध्ये ४×४ 'पार्ट-टाइम' असतो, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात हा फरक चाक घसरून निघून जातो, डांबरावर तो शाफ्टमध्ये पिळासारखा साठतो आणि ट्रान्स्फर केसमधले दात एकमेकांना आवळून धरतात. स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी आठ-दहा मीटर रिव्हर्स घ्या, क्लच दाबून लिव्हर ओढा. हातोडी किंवा पाईप लावू नका, आतला फोर्क वाकतो. पुढे बागेच्या फाटकातच २एच करत जा. ४एलमध्ये (चारही चाकांचा हळू, जादा जोराचा गिअर) टाकणं किंवा काढणं मात्र गाडी पूर्ण उभी करूनच.

प्रश्न : मागच्या स्प्रिंगचा मेन पाटा दोन वर्षांत तिसऱ्यांदा तुटला. लोहाराकडे वेल्डिंग करून घेतला, पंधरा दिवस टिकला. जाड पाटा वाढवू का?
— एक वाचक, हरसूल

उत्तर : वेल्डिंगच्या उष्णतेने पाट्याचं पाणी उतरतं, म्हणून पंधरा दिवस टिकला हेच पुष्कळ. तुटलेला तुकडा फेकू नका, तो कुठे तुटला ते पाहा. सेंटर बोल्टच्या भोकाशी तुटत असेल तर यू-बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे) ढिले आहेत. पाटे घट्ट आवळलेले असले तर मधल्या भोकावर वाक येत नाही. ढिले झाले की सगळा वाक तिथेच येतो. डोळ्याजवळ, म्हणजे पाट्याच्या वळवलेल्या टोकाशी, तुटत असेल तर शॅकल (ते टोक चॅसिसला टांगणारी कडी) किंवा बुश (डोळ्यातली रबरी नळी) जाम झालाय. मध्येच कुठेतरी तुटला तर वजन जास्त आहे, आणि त्यावर एखादा पाटा वाढवून उपाय होत नाही. कडक केलेली गाडी रिकामी असताना उडते आणि धक्का चॅसिसच्या ब्रॅकेटला जातो.

नवा पाटा बसवताना यू-बोल्ट आणि नट नवेच घ्या. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाही. चारही नट तिरक्या क्रमाने, थोडे थोडे, टॉर्क रेंचने आवळा. शॅकलचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळा. जॅकवर आवळले तर रबरी बुश कायम पिळलेला राहतो आणि फाटतो. भरलेल्या गाडीने २००-३०० किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळा. ही एक गोष्ट कुणीच करत नाही. पाट्यांवर जळकं ऑइल मारायची सवय असेल तर बुशवर ते पडू देऊ नका, रबर फुगतं.

प्रश्न : जानेवारीत पहाटे गाडी पाच-सहा स्टार्टरला घेते, पांढरा धूर सोडते. दिवसभर ठीक.
— एक वाचक, निफाड

उत्तर : निफाडच्या थंडीत जुनं इंजिन कुरकुरणारच, पण पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. तुमच्या इंजिनाला हीटर प्लग (थंडीत सिलिंडर तापवणारे) असतील तर त्यांना जोडणारी पट्टी सोडवा. टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी एकेका प्लगच्या टोकाला लावा. दिवा न लागणारा प्लग गेला. सगळे लागले तर चावी फिरवून रिलेतून वीज येते का पाहा. मग मल्टिमीटर बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत लावून स्टार्टर मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. ती घासून साफ करायला पैसे लागत नाहीत, म्हणून नवी बॅटरी घेण्याआधी हे करा. सकाळी हँड प्रायमर पंप मऊ लागत असेल तर रात्री डिझेल टाकीकडे परत जातंय. जुने रबरी होस आणि क्लॅम्प बदला. हीटर प्लगच्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नका, पिस्टन फुटतो.

प्रश्न : चिखलात हवा किती ठेवावी?
— एक वाचक, सुरगाणा

उत्तर : रिकाम्या गाडीत ट्यूबलेस असेल तर १८-२० पीएसआय, वेग २० च्या आत. ट्यूबचे टायर असतील तर २५ च्या खाली जाऊ नका. टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह ट्यूबपासून तुटतो. भरलेल्या गाडीत हवा कमी करूच नका. डांबरीला लागण्याआधी पुन्हा भरा, त्यासाठी १२ व्होल्टचा पंप गाडीतच ठेवा.