पाहुण्यांसाठी पास्ता करू का?

प्रश्न : काकू, फिलाडेल्फियाच्या ‘सिटिझन डिप्लोमसी इंटरनॅशनल’ या संस्थेत आम्ही दोघांनी स्वयंसेवक म्हणून नाव दिलंय. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने बोलावलेल्या तीन परदेशी पाहुण्यांना एका संध्याकाळी घरी जेवायला घालायचं आहे. ते बिचारे अमेरिका बघायला आलेत आणि आमच्याकडे वरण-भात, पोळी, कोपऱ्यात देवघर. निदान पास्ता तरी करू का? आणि बोलायचं काय?
— एक वाचक, एक्स्टन, पेनसिल्व्हेनिया

उत्तर : अगं, पास्त्याच्या वाटेला जाऊ नकोस. ही मंडळी ‘इंटरनॅशनल व्हिजिटर लीडरशिप प्रोग्राम’मधून येतात. 1940 पासून चालत आलेला हा कार्यक्रम. कोणी पत्रकार, कोणी वकील, कोणी नगरपालिकेतला अधिकारी. आधी वॉशिंग्टन, मग आणखी काही शहरं, असा तीनेक आठवड्यांपर्यंतचा दौरा. सकाळी हॉटेलचा नाश्ता, दुपारी मीटिंगमधलं गार सँडविच. तुझ्याकडे पोचेपर्यंत गरम भाताचा वाससुद्धा त्यांना पुरतो. आणि इथे कर भरणारं, पोरांना सॉकरला पोचवणारं तुझं घर अमेरिका नाही, तर कुठली आहे?

शाकाहारी बेत केलास की डुक्कर, गोमांस, हलाल हे सगळे प्रश्न एका फटक्यात सुटतात. तिखटाला हात आवर. आपलं खरं संकट म्हणजे दाण्याचं कूट. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, आणि आपल्याला ते घातल्याचं लक्षातही राहत नाही. ॲलर्जीची माहिती संस्थेकडून येईल, तरी दारातच पुन्हा एकदा विचार.

पानं मोजताना दुभाष्याचं पान धरलंस ना? इंग्रजी न येणाऱ्या पाहुण्यांबरोबर दुभाषी येतो आणि त्याचं जेवण हमखास गार होतं, कारण यजमान उत्साहात बोलत सुटतात. दोन वाक्यं बोलायची, थांबायचं. मध्येच ‘आता सगळे जरा जेवू या’ म्हणून पाच मिनिटं गप्प बसायचं. ती शांतता कुणालाही खटकत नाही, दुभाषी मात्र तुला दुवा देतो.

येण्याजाण्याचं म्हणशील, तर शक्यतो रविवार माग. आठवड्यातल्या दिवशी संध्याकाळी पाचला फिलाडेल्फियाच्या मध्यभागातून, म्हणजे सेंटर सिटीतून, गाडी काढून स्कूकिल एक्सप्रेसवेवर अडकलात, तर पाहुण्यांना अमेरिकेचं दर्शन होईल खरं, पण वरण आटेल. नाहीतर पाओली-थॉर्नडेल लाइनच्या लोकलने एक्स्टनपर्यंत आण. गाडीत बरोबर कुणीतरी बसा म्हणजे झालं.

बोलण्याची चिंता सोड. विषय पाहुणेच काढतात. माझ्याकडे एकदा एक न्यायाधीश बाई आल्या होत्या, देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मी चहा टाकेपर्यंत त्या फ्रिजसमोर उभ्या. फ्रिजवर चुंबकाने लावलेलं शाळेच्या कराचं बिल. हे काय, म्हणाल्या. म्हटलं, घराच्या किमतीवर कर बसतो आणि तो थेट इथल्या शाळांना जातो. किती घ्यायचा, हे कोण ठरवतं? स्कूल बोर्ड. त्यांना कोण नेमतं? आम्ही निवडून देतो, नऊ जण. त्यांना पगार किती? पेनसिल्व्हेनियात काहीच नाही. यावर त्यांनी दुभाष्याकडे असं पाहिलं, की हा चुकीचं तर सांगत नाही ना! मग तासभर तेच. बोर्ड भांडतं का, बैठकीला कुणीही जाऊ शकतं का, तुम्ही कधी गेलात का. आमचे हे फिलाडेल्फियातल्या त्या ऐतिहासिक घंटेची, लिबर्टी बेलची, माहिती छान तयार करून बसले होते, ती तशीच राहिली. म्हणून सांगते, पाहुणे यायचे म्हणून फ्रिजवरचे कागद काढून ठेवू नकोस.

आरोग्यविम्याचा हप्ता, बंदुका, आईवडिलांना कोण सांभाळतं, हेही विचारतील. खरं सांगायचं, पण ‘मला असं वाटतं’ असं म्हणून. तू सरकारची प्रवक्ती नाहीस. नवरा-बायकोचं राजकारणावर पटत नसेल, तर ते लपवू नका. जेवणाच्या टेबलावर वाद होऊनही भाजी पुढे सरकवली जाते, हे काही पाहुण्यांना फार नवलाचं वाटतं.

फोटो विचारल्याशिवाय काढू नकोस आणि फेसबुकवर तर टाकूच नकोस. अमेरिकन घरात जेवताना दिसणं काहींना मायदेशी महागात पडू शकतं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. प्रवासी आणि यजमानांची गाठ घालून देणाऱ्या ‘सर्वास’ या संस्थेमार्फत परदेशी प्रवाशांना घरी उतरवून घ्यावं असं मनात आहे. मुलगा नोकरीनिमित्त बाहेर असतो, त्याची खोली रिकामी आहे. पण साधी आहे, भिंतीवर क्रिकेटपटूंची पोस्टर्स आहेत. रंग देऊन घ्यावा का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सर, रंगाचे पैसे वाचवा. 1985 मध्ये चीनच्या हपेई प्रांतातून पशुखाद्याची माहिती घ्यायला एक शिष्टमंडळ आयोवातल्या मस्कटीन गावी आलं. त्यातला एक तरुण अधिकारी एका कुटुंबाकडे, कॉलेजला गेलेल्या मुलांच्या खोलीत राहिला. खोलीत मुलांची ‘स्टार ट्रेक’ची खेळणी तशीच होती. तो अधिकारी म्हणजे शी जिनपिंग. 2012 मध्ये उपराष्ट्राध्यक्ष म्हणून अमेरिकेला आले, तेव्हा जुन्या यजमानांना भेटायला ते पुन्हा मस्कटीनला गेले. तुमचे क्रिकेटपटू राहू द्या भिंतीवर.

‘सर्वास’ 1949 पासूनची संस्था आहे. मुक्काम साधारण दोन रात्रींचा, पैशांची देवघेव नाही. फक्त एक काम चुकवू नका. परदेशी पाहुणा घरी उतरला की 24 तासांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे ऑनलाइन कळवावं लागतं, ज्याला लोक सी-फॉर्म म्हणतात. यजमान म्हणून तुमची नोंदणी आधी करून ठेवा, आयत्या वेळी त्यात फार वेळ जातो.

प्रश्न : पहिल्या पत्रातल्यासारख्या कार्यक्रमातून मला अमेरिकेला जायचं आहे. एक एजंट अर्ज भरून देतो म्हणतो.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : त्या कार्यक्रमाला अर्जच नसतो. अमेरिकी दूतावास आणि वकिलाती आपणहून निवड करतात, आणि निवड झालेल्याकडून पैसे घेत नाहीत. एजंटाला एक रुपयाही देऊ नका. दिला असेल, तर पावती आणि त्याचे मेसेज घेऊन पोलीस ठाण्यात जा.