सातवीतल्या मुलाला काळांचे तक्ते पाठ आहेत, पण इंग्रजी वाक्य रचता येत नाही. सुरुवात कुठून करावी?

काळांचे तक्ते काही दिवस बाजूला ठेवा आणि आधी शब्दक्रम पक्का करून घ्या. खरी अडचण बहुतेक तिथेच असते.

मराठीत ‘मांजर उंदराला पकडते’ आणि ‘उंदराला मांजर पकडते’ यांचा अर्थ एकच, कारण कोण पकडतं हे ‘ला’ या प्रत्ययाने कळतं. इंग्रजीत ते काम जागा करते. ‘द कॅट कॅचेस द माउस’मध्ये दोन नामांची अदलाबदल केली की उंदीरच मांजराला पकडतो! म्हणून कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम तोंडात बसेपर्यंत पुढे जाऊ नका. मराठीत कर्ता गाळला तरी चालतं, इंग्रजी विधानात सहसा नाही; पाऊस पडतो हे सांगतानाही ‘इट’ लागतं.

मग एकच साधं वाक्य घेऊन त्याचं नकारार्थी आणि प्रश्नार्थी रूप करायला सांगा. ‘शी वेंट होम’, ‘शी डिड नॉट गो होम’, ‘डिड शी गो होम?’ भूतकाळ ‘डिड’ने दाखवला, म्हणून क्रियापद मूळ रूपात परत येतं. ‘डिड शी वेंट’ ही चूक या वयात फार दिसते आणि कारण समजलं की सुटतेही. ‘शी गोज’चं ‘डज शी गो’ होतं तेही याच कारणाने.

‘अ’, ‘अॅन’, ‘द’ची घाई नको, ते वाचनातून हळूहळू येतं. आणि वाक्यं त्याच्या स्वतःच्या दिवसाबद्दलची असू द्या, मुलं ती मनापासून लिहितात.