गोष्टीतला ससा रडतो आणि आमचा मुलगा हसतो

"गोष्टीत कुणी रडायला लागलं की हा खदाखदा हसतो. याला दुसऱ्याचं दुःख कळतच नाही का हो?" साडेतीन वर्षांच्या मुलाची आई विचारत होती. हीच काळजी घेऊन बरेच पालक येतात. बाबांची मजल तर "पुढे निर्दयी होईल" इथपर्यंत गेली होती.

मी आधी घरातलं वागणं विचारलं. धाकटी बहीण रडली की हा स्वतःची बाहुली तिच्याकडे नेतो, लुटुपुटीचे खेळ खेळतो, काही नवं दिसलं की बोट दाखवून इतरांनाही दाखवतो. यातलं काहीच होत नसतं, तर मी बालविकासतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

मग आईला नेहमीसारखी गोष्ट वाचायला सांगितली. ससा पेटीत चेंडू ठेवून झोपतो. माकड तो काढून झाडामागे लपवतं. ससा उठतो, पेटी रिकामी पाहून रडतो. मुलगा हसत सुटला.

"त्याला वाईट वाटलं ना? मग हसतात का असं?" आई म्हणाली.

मुलानं पानावर बोट आपटलं. "वेडाच आहे ससा! चेंडू झाडामागे आहे ना!"

म्हणजे हसू रडण्याचं नव्हतंच. मला दिसलं ते सशालाही माहीत असणार, मग हा पेटीत काय शोधतोय, असा त्याचा हिशेब होता. विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली मुलांना अशीच गोष्ट सांगितली होती. मॅक्सी नावाचा मुलगा बाहेर गेलेला असताना आई त्याचं चॉकलेट दुसऱ्या कपाटात ठेवते. परतल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं बहुधा नवं कपाट दाखवतात. चौथ्या-पाचव्या वर्षी बहुतेकांना उमगतं, की मॅक्सीला ते ठाऊकच नाही.

"वाईट वाटलं ना?" ही तर तोंडी परीक्षाच, उत्तरासकट. त्याऐवजी मी विचारलं, "माकडानं चेंडू घेतला तेव्हा ससा काय करत होता?"

"झोपला होता."

"मग त्यानं पाहिलं?"

तो मागचं पान उलटून सशाचे मिटलेले डोळे न्याहाळत बसला. इथे घाई करायची नाही. मोठ्यांना तात्पर्य सांगायची फार हौस असते, ती आवरायची. थोड्या वेळानं तो पुस्तकावर वाकून सशाला सांगू लागला, "अरे, झाडामागे बघ!"

घरीही असंच वाचा, कधी माकडाच्या बाजूनंही त्याला गोष्ट सांगू द्या, असं मी सुचवलं. एका बैठकीत हे पक्कं होत नाही. उद्या तो पुन्हा हसेल.

"माकडाच्या बाजूनं? खोड्या शिकेल ना!" बाबा म्हणाले. खोड्या तो आधीच करत होता. पण समोरच्याला काय माहीत नाही हे कळायला लागलं, की मुलं थापाही मारू लागतात, तेव्हा त्याची तयारी ठेवा, असं मी दोघांना सांगून ठेवलं.