पडद्यामागे उभं राहून शी रोखणारं मूल

*माझा मुलगा तीन वर्षं दोन महिन्यांचा आहे. शू गेले तीन महिने न चुकता पॉटीवर करतो. शी लागली की मात्र डायपर मागायचा आणि पडद्यामागे जाऊन उभ्यानेच करायचा. महिन्यापूर्वी ‘डायपर संपले, आता तू मोठा झालास’ असं सांगून आम्ही ते बंद केले. तेव्हापासून तो चार-चार, पाच-पाच दिवस शी करत नाही. कळ आली की पाय आवळतो, चवड्यांवर उभा राहतो, लालबुंद होतो, रडतो. शेवटी होते ती एवढी मोठी आणि कडक, की एकदा वर रक्ताची रेघ होती. आता आठवडाभर चड्डीला पातळ डाग लागतायत. सासूबाई म्हणतात जुलाब झालेत, फळं बंद कर. नवरा म्हणतो हट्ट आहे, आपण कडक राहायचं. सहा आठवड्यांनी शाळा सुरू होईल. परवा मी त्याच्यावर खूप ओरडले. त्याच्या मनात ते राहील का? – एक आई*

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर आधी थांबते. ‘पाय आवळतो, चवड्यांवर उभा राहतो, लालबुंद होतो.’ बघणाऱ्याला वाटतं, बिचारा जोर लावतोय. प्रत्यक्षात तो जीव एकवटून शी आत ढकलत असतो. मांड्या एकमेकींवर दाबल्या, ढुंगण आवळलं, पाठ ताठ केली की आलेली कळ थोड्या वेळाने ओसरते. मग तो पुन्हा खेळायला लागतो आणि घरातल्यांना वाटतं, हा मुद्दाम करतोय. मुद्दाम तर तो करतोच आहे, पण तुम्हाला हरवण्यासाठी करत नाहीये. शी दुखते हे त्याला कळलंय, आणि दुखणारी गोष्ट टाळायचा हा एकच मार्ग त्याच्या हातात आहे.

आत काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं पटेल. मोठ्या आतड्याचं एक मुख्य काम म्हणजे मळातलं पाणी शोषून घेणं. शी जितके दिवस आत, तितकी ती कोरडी, कडक आणि जाड. ती बाहेर येताना गुदद्वाराच्या नाजूक त्वचेला चीर पडते. रक्ताची ती रेघ बहुतेक त्या चिरेचीच. दुखलं म्हणून मूल पुढच्या वेळी आणखी घट्ट रोखतं. असं आठवडेच्या आठवडे चाललं की मलाशय ताणून सैल होतं आणि ‘लागलीय’ ही जाणीवच बोथट होते. मग अडकलेल्या कडक शीच्या खड्याच्या कडेने वरची पातळ शी झिरपते, मुलाच्या नकळत. चड्डीवरचे डाग हे बहुधा तेच आहेत. सासूबाईंना हे नीट समजावून सांगा, कारण जुलाब समजून फळं बंद केली किंवा जुलाब थांबवायचं औषध दिलं तर खडा आणखी घट्ट होईल. आणि डाग लागल्याबद्दल मुलाला बोलू नका. ते त्याला आवरता येत नाहीत.

शू जमते आणि शी जमत नाही, अशी मुलं खूप असतात. तेव्हा तुमच्या हातून काही भयंकर चुकलंय असं मानू नका. पण कडक राहण्याने इथे काहीच साधत नाही. चमचा तोंडाशी नेता येतो, शी बाहेर ओढून काढता येत नाही. ती रोखून धरणं मुलाच्याच हातात असतं आणि ते त्यालाही ठाऊक असतं.

आधी शी मऊ, मग पॉटी. हा क्रम उलटला की बाकीचे सगळे उपाय वाया जातात.

म्हणून आज संध्याकाळीच डायपर परत आणा. मागे गेलो असं वाटेल, पण शी आत अडकण्यापेक्षा डायपरमध्ये झालेली केव्हाही बरी. त्याला साध्या आवाजात सांगा, ‘डायपर आणलेत. शी लागली की सांग, मी लगेच घालते.’ आणि मागितल्यावर खरंच लगेच घाला. ‘एकदा पॉटीवर बसून बघ ना’ अशी अट त्याला जोडू नका. शू जमतेय, तर दिवसभर चड्डीच राहू दे.

दुसरं काम बालरोगतज्ज्ञांचं, आणि तेही याच आठवड्यात. पाच दिवसांचा खंड, रक्त आणि झिरपणं हे तिन्ही एकत्र असताना घरच्या उपायांवर थांबू नये. डॉक्टर पोट तपासून खडा साठला आहे का ते बघतील. अशा वेळी साधारणपणे पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यात विरघळवून देतात किंवा लॅक्ट्युलोजचं सिरप देतात. ही औषधं आतड्यात पाणी धरून ठेवतात, त्यामुळे शी कडक होत नाही. ‘सवय लागेल’ या भीतीने अनेक घरांत ती अर्धवट सोडली जातात, पण या औषधांनी आतडं आळशी होत नाही. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. आधी साठलेलं बाहेर काढायला काही दिवस मोठी मात्रा आणि मग रोजची लहान मात्रा, असे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात खूप आणि पातळ शी होते, घाण होते, कपडे धुवावे लागतात. घरी निवांत राहता येईल असेच दिवस त्यासाठी निवडा.

गाडं घसरतं ते बहुतेक वेळा इथे: आठ-दहा दिवस छान शी झाली की घरचे औषध थांबवतात. मलाशय ताणलेलं असतं, मुलाची भीती अजून ताजी असते, आणि एका कडक शीने सगळं पहिल्यापासून सुरू होतं. रोजची मात्रा निदान दोन महिने चालू ठेवतात. सगळं सुरळीत झाल्यावरही आणखी महिनाभर देऊन मग हळूहळू कमी करतात. पॉटी शिकत असलेल्या मुलाचं तर पॉटी पूर्ण जमेपर्यंत बंद करूच नये. शी कशी असावी हे ठरवायला डॉक्टरांकडे ब्रिस्टल तक्ता, म्हणजे शीच्या सात प्रकारांचा तक्ता, मागा. त्यात 1 म्हणजे सुट्या कडक गोळ्या आणि 7 म्हणजे निव्वळ पाणी. एरवी 4 चांगला, पण रोखणाऱ्या मुलासाठी मला 5 च्या जवळची, मऊ तुकड्यांची शी जास्त बरी वाटते, कारण ती रोखून धरणं अवघड असतं आणि बाहेर येताना दुखत नाही. आणि कळवळून सांगते, घरी गुदद्वारात काहीही घालू नका. ज्या जागेची त्याला भीती वाटते तिथेच जबरदस्ती झाली की ती भीती पक्की होते.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. तंतुमय पदार्थांचं जुनं गणित आहे: वयाची वर्षं अधिक पाच, तेवढे ग्रॅम रोज. म्हणजे याला आठेक ग्रॅम. सालासकट एका मध्यम नासपतीतच पाचेक ग्रॅम मिळतात. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर पोट दुधानेच भरतं. पाणी दिवसभर थोडं थोडं. कोंड्याचा मारा मात्र नको. खडा अडकलेला असताना नुसता चोथा वाढवला तर पोट फुगतं आणि दुखतं.

दोन-तीन आठवडे रोज किंवा दिवसाआड मऊ शी, न रडता, डायपरमध्ये होऊ लागली की मग पॉटीकडे वळा. तेही जिन्याच्या पायऱ्यांसारखं. पहिली पायरी फक्त जागेची: डायपर घालायचा, शी मात्र पडद्यामागे करण्याऐवजी संडासात उभं राहून. त्याला आडोसा आवडतो, म्हणून दार लोटून घ्या, तुम्ही बाहेर थांबा. हे तीन-चार वेळा शांतपणे झालं की पुढची पायरी, डायपर घालूनच पॉटीवर बसायचं. उभ्याने शी करणाऱ्या मुलाला हीच सगळ्यात अवघड जाते, इथे एक आठवडाही लागेल. त्यानंतर डायपर ढिला बांधायचा. मग डायपरला आधीच, त्याच्या समोर, एक भोक पाडायचं. नाण्याएवढं, पुढे वाढवत तळहाताएवढं. भोकाच्या कडांना चिकटपट्टी लावा, नाहीतर आतल्या जेलचे दाणे सांडतात आणि मूल बिचकतं. शेवटी डायपर न बांधता नुसता पॉटीत अंथरायचा. काही मुलांना भोकाची पायरी अजिबात रुचत नाही. त्यांच्यासाठी ढिल्यावरून थेट अंथरलेल्यावर जा. एखादी पायरी रडारडीची झाली, तर काही न बोलता एक पायरी खाली या आणि तीन दिवस तिथेच राहा.

बसण्याची पद्धत फार महत्त्वाची आहे आणि तिच्याकडेच दुर्लक्ष होतं. मलाशयाभोवती पट्ट्यासारखा एक स्नायू असतो. आपण उभे असताना तो मलाशयाला पुढे ओढून वाक देतो, म्हणून शी आत राहते. गुडघे कमरेपेक्षा वर घेऊन किंचित पुढे वाकलं की तो सैल पडतो आणि वाट सरळ होते. मोठ्यांच्या कमोडवर लहान मुलाचे पाय लोंबकळतात. तो पडायच्या भीतीने मांड्या आवळून धरतो, आणि आवळलेल्या मांड्यांनी शी होत नाही. त्यामुळे कमोडवर ठेवायची छोटी बैठक आणि पायाखाली पक्कं स्टूल दोन्ही हवं. तळवे पूर्ण टेकले पाहिजेत, नुसती बोटं नव्हे. बुटकी पॉटी असेल तर हे आपोआप साधतं. शिकण्यासाठी तीच बरी.

पॉटीवर बसणं जमू लागलं की वेळ जेवणानंतरची धरा, पंधरा ते तीस मिनिटांनी. जेवण पोटात गेलं की मोठं आतडं आपणहून हालचाल करतं. दिवसातून दोनदा, पाच मिनिटांच्या वर नाही. त्या वेळात त्याला साबणाचे फुगे फुंकायला द्या. फुंकताना पोट आपसूक आत-बाहेर होतं आणि खालचे स्नायू सुटतात. ‘जोर लाव’ म्हटल्यावर मुलं नेमकं उलटं, ढुंगण आवळतात. स्टिकर शी झाल्याचा नाही, बसल्याचा. शी होणं त्याच्या पूर्ण हातात नाही, बसणं आहे. आणि स्टिकर लगेच मिळाला पाहिजे, रविवारच्या खेळण्याचं आश्वासन तीन वर्षांच्या मुलाला समजत नाही.

घरात सगळ्यांनी दोन गोष्टी सोडायच्या. एक, ‘छी, घाण, काय वास!’ शी घाणेरडी असं ऐकणारं मूल ती लपवतं, आणि लपवणं रोखण्याच्या फार जवळ असतं. दुसरी, ‘लागली का? आली का?’ हा दर अर्ध्या तासाचा प्रश्न. चवड्यांवर उभा दिसला तर एकच वाक्य, ‘शी बाहेर यायचं म्हणतेय. डायपर हवा का?’ आणि गप्प. फ्लशची भीती असेल, तर तो बाहेर गेल्यावर पाणी सोडा. काही मुलांना आपल्या अंगातलं काहीतरी गडप झालं असंच वाटतं.

थोडं सावध करते. जन्मानंतर पहिली काळी शी अठ्ठेचाळीस तासांत झाली नव्हती, पहिल्या महिन्यापासूनच बद्धकोष्ठ आहे, पोट फुगून टणक होतं, हिरवी उलटी होते, शी सतत रिबिनीसारखी बारीक येते, वजन वाढत नाही, पायांत अशक्तपणा दिसतो: यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा. रोखण्यापलीकडचं कारण शोधावं लागेल. अचानक पुन्हा चड्डीत शू होऊ लागली किंवा शू करताना दुखू लागलं, तर तेही सांगा. भरलेलं मलाशय मूत्राशयावर दाब देतं.

आता शाळा. सहा आठवड्यांत सगळं होईलच असं मी म्हणणार नाही. तेवढ्यात शी मऊ आणि नियमित होईल, पायऱ्या दोन-तीन चढून होतील. बाईंना आधीच सांगा की हा शू करतो, शी शक्यतो घरी करेल, डाग लागला तर ओरडू नका. पिशवीत दोन चड्ड्या द्या. शाळेच्या तारखेसाठी त्याला घाई केली तर ती घाई पोटात साठते.

आणि तुमचं ओरडणं. परवाच्या एका ओरडण्याने मूल बिघडत नाही. पण तो विषय तसाच सोडू नका. आज रात्री झोपताना, दिवा मालवायच्या आधी, म्हणा, ‘परवा मी शीवरून ओरडले. ते चुकलं माझं. तुला शी करताना दुखतं, हे मला कळलं नव्हतं. आता आपण डॉक्टरांकडून शी मऊ करायचं औषध आणणार आहोत.’ त्याने काही उत्तर दिलं नाही तरी चालेल. नवऱ्यालाही शेजारी बसवून घ्या, त्यानेही हे ऐकलेलं बरं.