आडव्या वाऱ्यातले उड्डाण

प्रश्न : पावसाळ्यात मुंबईहून पश्चिमेकडे झेपावणारे मोठे विमान जमीन सोडताच तिरके का दिसते?

उत्तर : मुंबईची २७ क्रमांकाची धावपट्टी पश्चिमाभिमुख असल्याने नैऋत्येचा वारा डावीकडून सुमारे ४५ अंशांत येतो; तो २० नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) असेल, तर त्यातला सुमारे १४ नॉटचा भाग आडवा असतो. उंच शेपटीवर तो आदळला की नाक वाऱ्याकडे वळू पाहते, म्हणून वैमानिक उजव्या पायाने रडर (शेपटीवरचे उभे सुकाणू) दाबून विमान मध्यरेषेवर राखतो आणि डावा पंख उचलला जाऊ नये एवढेच एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती झडप) देतो. यातला ‘एवढेच’ हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण अधिक दिल्यास पंखावरचे स्पॉयलरही (वर उचलल्या जाणाऱ्या फळ्या) उघडतात आणि हवेचा विरोध वाढतो. चाके सुटल्यावर रडर सावकाश सोडला जातो, नाक वाऱ्याकडे वळते. मार्ग मात्र धावपट्टीच्या रेषेतच राहतो.