तीन काट्यांचा स्टिकलबॅक हा छोटा मासा समुद्रघोड्याच्या गणातला आहे का?

नाही, आता त्याला समुद्रघोड्याच्या गणात धरत नाहीत. जुन्या पुस्तकांत दोघे गॅस्टेरोस्टिफॉर्मिस या एकाच गणात दिसतील, कारण दोघांच्याही अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्या असतात. पण डीएनए ताडून पाहिल्यावर हे साम्य वरवरचं ठरलं. समुद्रघोडे सिंग्नॅथिफॉर्मिस गणात गेले. स्टिकलबॅक मात्र स्कल्पिन, ईलपाउट या माशांच्या जवळचा निघाला, म्हणून बरेच तज्ज्ञ त्याला पर्सिफॉर्मिस गणात ठेवतात. काहींच्या यादीत जुनंच गणनाम अजून आहे, तेव्हा अभ्यासक्रमातलं पुस्तक पाहूनच लिहा. वर्गीकरणाच्या बाकीच्या पायऱ्या साधारणपणे अशा देतात:

संघ: रज्जुमान
वर्ग: किरणपर मासे
कुल: गॅस्टेरोस्टिडी
जाती: गॅस्टेरोस्टियस ॲक्युलिएटस (हे नाव लिनियसने १७५८ मध्ये दिलं)